निवडणूक होऊन सहा दिवस झाले, मग पेटीत २०२ मतं वाढली आणि त्यातूनच अमेरिकेला एक राष्ट्राध्यक्ष मिळाला

८७ मतं.

गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत सुद्धा यापेक्षा जास्त लीड मिळतं. पण १९४८ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जवळपास ९ लाख ८८ हजार लोकांनी मतदान केलं आणि निकाल लागला तो फक्त ८७ मतांनी. जिंकलेल्या माणसाचं नाव लिंडन बेन्स जॉन्सन. हाच गडी पुढं जाऊन अमेरिकेचा ३६ वा राष्ट्राध्यक्ष झाला.

आता ८७ मतांनी जिंकणं हा काही गुन्हा नाही. पण ही मतं ज्या पेटीतून आली, त्या पेटीचा विषय आज पाऊणशे वर्षं उलटून गेली तरी अमेरिकेत संपलेला नाही. आणि खरी गंमत पुढं आहे. ज्याच्यावर मतं चोरल्याचा ठपका आयुष्यभर राहिला, त्याच माणसानं १९६५ साली असा कायदा केला की ज्यामुळं लाखो कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांना पहिल्यांदा खऱ्या अर्थानं मत देता आलं.

एकाच माणसाच्या हातून या दोन गोष्टी कशा झाल्या, तेच सविस्तर बघू.

जॉन्सनचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा. टेक्सासच्या मध्यभागी डोंगराळ, खडकाळ, पाण्याची बोंब असलेला एक भाग आहे. त्याला हिल कंट्री म्हणतात. तिथं पेडर्नालिस नदीच्या काठावर स्टोनवॉल नावाच्या गावाजवळ त्याचं घर होतं. वडील सॅम जॉन्सन टेक्सास विधिमंडळाचे सदस्य होते. त्यामुळं पोरगा लहानपणापासून वडिलांच्या मागं मागं सभा, प्रचार, मतदारांच्या गाठीभेटी हेच बघत मोठा झाला.

पण वडिलांनी कापसाच्या शेतीत पैसा घातला आणि कापसाचे भाव पडले. घर कर्जात बुडालं. कालपर्यंत ज्यांना गावात मान होता, त्यांच्याकडं लोक तोंड फिरवून जायला लागले. पैसा आणि सत्ता गेली की माणसाला कोण विचारत नाही, हे जॉन्सननं घरातच बघितलं.

पुढं सॅन मार्कोसच्या शिक्षक महाविद्यालयात त्यानं शिक्षण घेतलं. पैसे कमी पडले म्हणून मध्येच शिक्षण थांबवून १९२८ साली त्यानं शिक्षकाची नोकरी धरली. गाव होतं कोटुला, मेक्सिकोच्या सीमेपासून फार लांब नसलेलं. शाळा होती मेक्सिकन वंशाच्या पोरांची. गोऱ्या पोरांची शाळा वेगळी, यांची वेगळी. पोरं शेतमजुरांची, बरीचशी उपाशीपोटी वर्गात येणारी. वीस वर्षांच्या जॉन्सननं पहिल्या पगारातून या पोरांसाठी खेळाचं सामान आणल्याचं सांगितलं जातं.

हे कोटुला लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

१९३१ साली तो रिचर्ड क्लेबर्ग या काँग्रेस सदस्याचा सचिव म्हणून वॉशिंग्टनला गेला. साहेबांना कामात फारसा रस नव्हता, त्यामुळं ऑफिस हाच चालवायचा. कुठला माणूस कुठल्या खात्यात बसतो, कुणाकडं कुठलं काम होतं, सगळं तोंडपाठ. १९३४ साली क्लॉडिया टेलर यांच्याशी लग्न झालं. जग त्यांना लेडी बर्ड या नावानं ओळखतं.

१९३७ साली टेक्सासच्या दहाव्या मतदारसंघातले काँग्रेस सदस्य वारले आणि पोटनिवडणूक लागली. जॉन्सनचं वय २८. लेडी बर्ड यांनी आपल्या वाट्याला येणाऱ्या वारशातले १० हजार डॉलर वडिलांकडून मागून घेतले आणि नवऱ्याच्या प्रचाराला लावले.

मैदानात बरेच उमेदवार होते. जॉन्सननं एकच लाइन पकडली, मी शंभर टक्के राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या बाजूचा. मतदानाला दोन दिवस राहिले असताना अपेंडिक्सनं त्याला दवाखान्यात नेलं. तिथंच पडल्या पडल्या त्याला निकाल कळला. फक्त २८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली होती, पण मतं इतक्या जणांत विभागली होती की तेवढ्यावर गडी निवडून आला.

हिल कंट्रीत तेव्हा वीज नव्हती. बायका विहिरीतून पाणी शेंदायच्या, रात्री रॉकेलचे दिवे लागायचे. जॉन्सननं वॉशिंग्टनमध्ये खेटे घालून सरकारी कर्ज मिळवलं, वीज सहकारी संस्था उभी राहिली आणि हिल कंट्रीतल्या घरांत बल्ब लागले. तिथल्या लोकांनी ही गोष्ट कधी विसरली नाही.

पण जॉन्सनचं लक्ष काँग्रेसच्या खालच्या सभागृहावर नव्हतंच. त्याला सिनेट पाहिजे होती.

इथं टेक्सासचं राजकारण तेव्हा कसं चालायचं ते समजून घ्यायला लागतं.

अमेरिकेत दोन पक्ष आहेत हे आपल्याला माहिती आहे. पण तेव्हाच्या टेक्सासमध्ये खरं तर एकच पक्ष होता, डेमोक्रॅटिक. यादवी युद्ध आणि त्यानंतरच्या काळात रिपब्लिकन पक्षाबद्दल दक्षिणेतल्या गोऱ्या लोकांच्या मनात इतका राग बसला होता की रिपब्लिकन उमेदवार नावाला उभा राहायचा आणि पडायचा. त्यामुळं नोव्हेंबरमधली मुख्य निवडणूक ही निव्वळ औपचारिकता असायची. खरी लढाई उन्हाळ्यात व्हायची, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणारं मतदान. तिथं कुणालाच पन्नास टक्क्यांच्या वर मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. ती जिंकली की विषय संपला.

दुसरी गोष्ट, मत देण्यासाठी कर भरायला लागायचा. पोल टॅक्स. टेक्सासमध्ये दीड ते पावणेदोन डॉलर. आज ऐकायला किरकोळ वाटतं, पण शेतमजुराच्या घरात नवरा-बायको दोघांनी मत द्यायचं ठरवलं तर तीन-साडेतीन डॉलर कुठून आणायचे? गरीब गोरे, मेक्सिकन, कृष्णवर्णीय, सगळे आपोआप बाहेर.

कृष्णवर्णीयांसाठी तर अजून एक भिंत होती. डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी फक्त गोऱ्यांसाठी होती. म्हणजे जिथं खरा निकाल लागतो तिथंच प्रवेश बंद. ह्युस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी याविरोधात केस लढवली आणि १९४४ साली सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत बेकायदेशीर ठरवली.

तिसरी गोष्ट, दक्षिण टेक्सासचे मालक. मेक्सिकोच्या सीमेकडच्या काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्या-जिल्ह्यासारख्या भागांत, एकेका घराण्याचं राज्य चालायचं. मालक मजुरांचा पोल टॅक्स स्वतः भरायचा, पावत्या स्वतःकडं ठेवायचा आणि मतदानादिवशी कुणाला मत द्यायचं तेही सांगायचा. ड्युव्हल काउंटीत हे काम पार घराणं करायचं. आधी आर्ची पार, मग त्यांचा मुलगा जॉर्ज पार. लोक त्याला ड्युव्हलचा ड्यूक म्हणायचे. अडीअडचणीला पैसे देणारा, लग्नाला मयताला उभा राहणारा आणि बदल्यात अख्खं गाव एकगठ्ठा मतदान करायला लावणारा.

थोडक्यात, ज्याला मत द्यायचंय त्याला देता येत नव्हतं आणि ज्याच्या नावावर मत पडायचं त्याला बऱ्याचदा विचारलंही जायचं नाही.

या मैदानात जॉन्सन १९४१ साली उतरला. सिनेटर मॉरिस शेपर्ड वारले आणि जून महिन्यात पोटनिवडणूक लागली. समोर होते टेक्सासचे गव्हर्नर पॅपी ओ'डॅनियल. हा माणूस मूळचा पिठाचा व्यापारी. रेडिओवर गाण्याबजावण्याचा कार्यक्रम करून पीठ विकायचा, त्याच लोकप्रियतेवर गव्हर्नर झाला.

मतदान झालं शनिवारी. रात्री जवळपास सगळी मोजणी झाली तेव्हा जॉन्सन पाच हजारांच्या वर मतांनी पुढं होता. जॉन्सन जिंकल्यात जमा आहे असं सगळे धरून चालले. कार्यकर्त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं.

इथंच त्याची चूक झाली.

जॉन्सनच्या माणसांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेतल्या काउंट्यांचे आकडे लगेच जाहीर करून टाकले. त्यामुळं विरोधकांना नेमका हिशोब कळला की आपल्याला किती मतं कमी पडतायत. मग पूर्व टेक्सासमधून दुरुस्त केलेले आकडे यायला लागले. रोज थोडे थोडे. यात दारूवाल्यांचा पण हात असल्याचं बोललं गेलं. ओ'डॅनियल कट्टर दारूबंदीवाला होता, तो वॉशिंग्टनला गेला तर राज्यातली कटकट जाईल, असं गणित. दोन-तीन दिवसांत पाच हजारांचं लीड वितळलं आणि जॉन्सन १,३११ मतांनी पडला.

ओ'डॅनियल सिनेटमध्ये गेला, त्याच्या जागी लेफ्टनंट गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन गव्हर्नर झाला.

जॉन्सननं कोर्टात धाव घेतली नाही. पण एक धडा घेतला. टेक्सासमध्ये मतदान संपलं म्हणजे निवडणूक संपत नाही. जो शेवटी आकडा सांगतो तो जिंकतो.

सात वर्षांनी, १९४८ साली, तीच सिनेटची जागा परत आली. ओ'डॅनियल या वेळी उभा नव्हता. समोर होता कोक स्टीव्हन्सन. शेतकरी माणूस, कमी बोलणारा, पाईप ओढणारा, दोन वेळा गव्हर्नर म्हणून निवडून आलेला. टेक्सासमधल्या जुन्या लोकांच्या गळ्यातला ताईत.

जॉन्सनला माहिती होतं की ही शेवटची संधी आहे. पडलो तर राजकारण संपलं. प्रचाराच्या सुरुवातीलाच मूतखड्यानं त्याला आडवा केला, ताप चढला, तरी गडी सभा घेत राहिला. शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून बाहेर आला आणि त्यानं डाव टाकला हेलिकॉप्टरचा.

१९४८ साली टेक्सासच्या खेड्यांतल्या बहुतेक लोकांनी हेलिकॉप्टर बघितलंच नव्हतं. त्याला नाव पडलं जॉन्सन सिटीची पवनचक्की. आवाज आला की गाव गोळा व्हायचं. जॉन्सन वरूनच भोंग्यावरून लोकांना हाका मारायचा, उतरताना डोक्यावरची टोपी गर्दीत भिरकावायचा. टोपी महागाची, त्यामुळं ती शोधून परत आणायची ड्युटी कार्यकर्त्यांना. दुसरीकडं स्टीव्हन्सन आपल्या जुन्या गाडीतून गावोगाव फिरायचा, चौकात थांबून चार लोकांशी हात मिळवायचा.

जुलैमधल्या पहिल्या फेरीत स्टीव्हन्सनला ४,७७,०७७ मतं पडली, जॉन्सनला ४,०५,६१७. स्टीव्हन्सन ७१ हजारांनी पुढं, पण पन्नास टक्के कुणालाच नाहीत. दुसरी फेरी ठरली २८ ऑगस्टला.

त्या शनिवारी मतदान झालं आणि मोजणीचा खेळ सुरू झाला. कधी हा पुढं, कधी तो. फरक काही शे मतांचा. दोन्ही बाजूंनी आकडे दुरुस्त होऊन येत होते. ड्युव्हल काउंटीनं आपलं काम चोख केलं होतं. जॉन्सनला चार हजारांच्या वर, स्टीव्हन्सनला चाळीसच्या आसपास. गंमत म्हणजे आधीच्या निवडणुकांत हीच एकगठ्ठा मतं स्टीव्हन्सनला पडायची. तेव्हा त्यानं तक्रार केली नव्हती. मधल्या काळात एका सरकारी नेमणुकीवरून पार मंडळी त्याच्यावर नाराज झाली आणि गठ्ठा फिरला.

गुरुवारपर्यंत स्टीव्हन्सन साडेतीनशेच्या आसपास मतांनी पुढं होता. सगळ्यांना वाटलं झालं.

शुक्रवारी, ३ सप्टेंबरला, ड्युव्हलच्या शेजारच्या जिम वेल्स काउंटीतून निरोप आला. ॲलिस गावातल्या १३ नंबरच्या बूथचा आकडा चुकला होता म्हणे. जॉन्सनची मतं ७६५ नाहीत, ९६५ आहेत. सातचा नऊ झाला होता. एकूण २०२ मतं वाढली, त्यातली २०० जॉन्सनला, २ स्टीव्हन्सनला.

सगळी बेरीज झाली तेव्हा जॉन्सन ४,९४,१९१ आणि स्टीव्हन्सन ४,९४,१०४.

फरक ८७.

स्टीव्हन्सन गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं सोबत घेतलं फ्रँक हेमरला. हेमर म्हणजे टेक्सास रेंजर्समधला माजी अधिकारी, बोनी आणि क्लाइड या कुप्रसिद्ध दरोडेखोर जोडीला १९३४ साली संपवणाऱ्या पथकाचा म्होरक्या. दोघं ॲलिसला गेले. मतदारांची यादी तिथल्या बँकेत ठेवलेली. बँकेसमोर पारची बंदूकवाली माणसं उभी. हेमर सरळ चालत गेला, माणसं बाजूला झाली.

यादी बघायला मिळाली ती काही मिनिटंच, उतरवून घ्यायला परवानगी नाही. पण बघायचं ते दिसलं. शेवटची दोनशे नावं एकाच हस्ताक्षरात होती, शाई बाकीच्या यादीपेक्षा वेगळी होती आणि मतदार जणू वर्णमालेच्या क्रमानं रांगेत उभे राहिले असावेत अशी नावं लागली होती. काही नावं पाठ करून त्या लोकांना गाठलं, तर आपण त्या दिवशी मतदानाला गेलोच नव्हतो असं त्यांनी सांगितलं.

प्रकरण पक्षाच्या राज्य कार्यकारिणीकडं गेलं. फोर्ट वर्थला बैठक झाली, जोरदार राडा झाला आणि मतदान झालं. २९ विरुद्ध २८. जॉन्सन एका मतानं वाचला.

मग स्टीव्हन्सन फेडरल कोर्टात गेला. न्यायाधीशांनी जॉन्सनचं नाव मतपत्रिकेवर टाकायला मनाई केली आणि पेट्या तपासायला माणसं नेमली. नोव्हेंबरची निवडणूक तोंडावर. जॉन्सनच्या वकिलांच्या फौजेत एब फोर्टस नावाचा तरुण वकील होता. त्यानं डोकं लावून प्रकरण झटपट सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्यापर्यंत पोहोचवलं. राज्यातल्या निवडणुकीत फेडरल कोर्टानं पडू नये असा मुद्दा मांडला. ब्लॅक यांनी स्थगिती दिली. ॲलिसमध्ये पेट्यांची तपासणी चालू होती, ती तिथंच थांबली. ज्या यादीवरून सगळा वाद झाला, ती तर सापडलीच नाही.

नोव्हेंबरमध्ये जॉन्सननं रिपब्लिकन उमेदवाराला आरामात पाडलं आणि तो सिनेटर झाला. लोकांनी त्याला नाव ठेवलं लँडस्लाइड लिंडन, म्हणजे प्रचंड बहुमतवाला लिंडन. याच एब फोर्टसला पुढं राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून नेमलं.

सिनेटमध्ये गडी सुसाट सुटला. १९५३ साली पक्षाचा नेता, १९५५ साली बहुमताचा नेता. माणसाला कोपऱ्यात गाठून, खांद्यावर हात टाकून, नाकाला नाक लावून मत वळवण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध होती.

पण एका बाबतीत तो पक्का दक्षिणेतला राजकारणी होता. काँग्रेसमध्ये आल्यापासून वीस वर्षं त्यानं नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाविरोधात मत दिलं. पोल टॅक्स रद्द करायच्या विधेयकाला विरोध, झुंडीनं मारहाण करून जीव घेण्याविरोधातल्या कायद्याला विरोध. १९४८ च्या प्रचारात तर हा विरोध त्यानं जाहीर सभेत सांगितला होता. कोटुलाच्या पोरांचा मास्तर मतांच्या गणितात गप्प झाला होता.

१९५७ साली पहिल्यांदा त्यानं बाजू बदलली. नागरी हक्कांचा कायदा सिनेटमधून पास करून घेतला, १८७५ नंतरचा पहिलाच. पण तो पास व्हावा म्हणून त्यातले दात आधीच काढले होते. देशपातळीवर जायचं तर उत्तरेतली मतं पाहिजेत, हा हिशोब त्यामागं होताच.

१९६० साली त्याला राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं, पण पक्षानं तिकीट दिलं केनेडींना. जॉन्सन उपराष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. सोबत सिनेटला पण. टेक्सासच्या विधिमंडळानं त्याच्यासाठी आधीच कायदा बदलून एका वेळी दोन पदांसाठी उभं राहायची सोय करून ठेवली होती. दोन्ही जिंकला. केनेडी-जॉन्सन जोडीला टेक्सासमध्ये लीड मिळालं ४६ हजारांचं. त्यानं सोडलेल्या सिनेटच्या जागेवर १९६१ साली जॉन टॉवर हा रिपब्लिकन निवडून आला आणि टेक्सासच्या एकपक्षीय राजवटीला पहिलं मोठं भगदाड पडलं.

२२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. त्याच दिवशी विमानात शपथ घेऊन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला.

पुढच्याच वर्षी त्यानं नागरी हक्क कायदा पास करून घेतला. हॉटेल, थिएटर, नोकरी, सगळीकडं वर्णभेदाला बंदी. नोव्हेंबर १९६४ च्या निवडणुकीत त्याला ६१ टक्के मतं मिळाली. ८७ मतांवाला माणूस या वेळी खरोखर प्रचंड बहुमतानं जिंकला.

पण मतदानाचा प्रश्न तसाच होता. पोल टॅक्स फेडरल निवडणुकांसाठी १९६४ च्या घटनादुरुस्तीनं बंद झाला, तरी टेक्सासनं राज्याच्या निवडणुकांसाठी तो चालूच ठेवला. म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी फुकट मत आणि गव्हर्नरसाठी पैसे भरून. तो १९६६ साली कोर्टानंच बंद केला.

अलाबामा, मिसिसिपी अशा राज्यांत तर अवस्था अजून वाईट. कृष्णवर्णीय माणूस नाव नोंदवायला गेला की टेबलामागचा गोरा कारकून त्याला राज्यघटनेतला अवघड उतारा वाचायला द्यायचा, भलतेसलते प्रश्न विचारायचा आणि नापास करायचा. ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्मा गावात या विरोधात निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. देशानं ते टीव्हीवर बघितलं.

आठ दिवसांनी जॉन्सन संसदेसमोर उभा राहिला आणि मतदान हक्काच्या कायद्याची मागणी केली. त्याच भाषणात त्यानं कोटुलाच्या पोरांची आठवण सांगितली. त्या पोरांसाठी काही करण्याची ताकद कधी आपल्या हातात येईल असं वाटलं नव्हतं, पण आता ती आली आहे आणि आपण ती वापरणार, अशा अर्थाचं तो बोलला. ६ ऑगस्ट १९६५ ला कायद्यावर सही झाली.

आता या कायद्यात होतं काय ते नीट बघा, कारण जॉन्सनच्या आयुष्याचा धागा तिथं जुळतो.

ॲलिसच्या १३ नंबरच्या बूथवर काय झालं होतं? जी माणसं आलीच नाहीत त्यांची नावं रजिस्टरमध्ये चढली. सेल्मामध्ये काय होत होतं? जी माणसं दारात उभी होती त्यांची नावं रजिस्टरमध्ये चढत नव्हती. दोन्हीकडं गोष्ट एकच, रजिस्टर स्थानिक माणसाच्या हातात आणि त्याला विचारणारं कुणी नाही. मताचा हक्क राज्यघटनेत १८७० पासून लिहिलेला होता. अडत होतं ते टेबलावर.

१९६५ च्या कायद्यानं बरोबर त्या टेबलावर हात घातला. ज्या भागांत भेदभावाचा इतिहास होता तिथल्या वाचन-लेखनाच्या परीक्षा बंद. तिथं नावं नोंदवायला फेडरल अधिकारी पाठवायचे. आणि निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा असेल तर आधी वॉशिंग्टनची मंजुरी घ्यायची. १९४८ साली ज्याच्या वकिलांनी राज्याच्या निवडणुकीत फेडरल कोर्टानं पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, त्याच माणसानं आता फेडरल सरकारला थेट नोंदणीच्या टेबलावर बसवलं.

परिणाम लगेच दिसला. मिसिसिपीत मतदार यादीत असलेले कृष्णवर्णीय १९६५ च्या आधी ७ टक्क्यांच्या आसपास होते. १९६७ पर्यंत ते ६० टक्क्यांच्या जवळ गेले.

मग जॉन्सननं हे प्रायश्चित्त म्हणून केलं का? तसं म्हणायला आधार नाही. १३ नंबरच्या पेटीबद्दल त्यानं कधीच काही कबूल केलं नाही. राष्ट्राध्यक्ष असताना त्यानं रॉनी डगर या टेक्सासच्या पत्रकाराला एक जुना फोटो दाखवला होता. त्यात पारची माणसं गाडीपाशी उभी आहेत आणि सोबत १३ नंबरची मतपेटी. डगरनं खोदून विचारलं, तर गडी नुसता हसला.

पुढं व्हिएतनाम युद्धानं त्याला खाल्लं. पाच लाखांच्या वर सैनिक तिथं अडकले, रस्त्यावर त्याच्याच विरोधात घोषणा सुरू झाल्या आणि ३१ मार्च १९६८ ला त्यानं परत उभा राहणार नाही असं जाहीर केलं. २२ जानेवारी १९७३ ला टेक्सासमधल्या आपल्या रँचवर हृदयविकारानं त्याचं निधन झालं.

जॉर्ज पारनं १९७५ साली स्वतःवर गोळी झाडून घेतली. १९७७ साली १३ नंबरच्या बूथवरचा निवडणूक अधिकारी लुईस सालस यानं पत्रकारासमोर तोंड उघडलं. ती मतं बनावट होती आणि आपण ती खरी म्हणून पुढं पाठवली, असं त्यानं सांगितलं. तोपर्यंत कोक स्टीव्हन्सनचंही निधन झालेलं होतं. जिंकलेला गेला, हरलेला गेला, पेटी तेवढी बोलली.

एक गोष्ट राहिली. १९६५ च्या कायद्याच्या कडक तरतुदी तेव्हा टेक्सासला लागू नव्हत्या, कारण तिथं वाचन-लेखनाची परीक्षा नव्हती, पोल टॅक्स होता. १९७५ साली तो कायदा वाढवला गेला. इंग्रजी न येणाऱ्या मतदारांना पण संरक्षण मिळालं आणि टेक्सास त्यात आलं. त्यासाठी जोर लावणाऱ्यांत ह्युस्टनच्या बार्बरा जॉर्डन पुढं होत्या. दक्षिणेतून निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला काँग्रेस सदस्य. मतपत्रिका स्पॅनिशमध्ये पण द्यावी लागली. म्हणजे कोटुलाच्या त्या वर्गातली पोरं तोपर्यंत पन्नाशी ओलांडून गेली होती, पण मालकाला न विचारता, आपल्या भाषेत वाचून मत देण्याचा हक्क कायद्यानं त्यांच्यापर्यंत पोहोचला. ड्युव्हल आणि ॲलिसच्या मतदारांपर्यंत पण.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं या कायद्यातली एक महत्त्वाची तरतूद रद्द केली. कुठल्या राज्यांनी आधी मंजुरी घ्यायची हे ठरवणारा निकषच गेला, त्यामुळं टेक्सासला आता वॉशिंग्टनला विचारावं लागत नाही. मतदार यादी आणि नोंदणीच्या नियमांवरून तिथं आजही भांडणं चालू आहेत.

जॉन्सन चोर होता की सुधारक, यावर अमेरिकेत अजून पुस्तकं निघतात. तो दोन्ही होता असं म्हणणारे पण आहेत. पण मताचा खरा निकाल बऱ्याचदा रजिस्टर कुणाच्या हातात आहे यावर लागतो, ही गोष्ट त्याला इतरांपेक्षा जास्त चांगली माहिती होती. एकदा ती त्यानं स्वतःसाठी वापरली. सतरा वर्षांनी ती वापरली ज्यांचं नाव कधीच कुणी लिहून घेतलं नव्हतं त्यांच्यासाठी.